राणीच्या बेटावरचा राजा

१९२४ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्कहून इंग्लंडला निघालेल्या 'ऑलिंपिक' या जहाजावर नेहमीसारखेच श्रीमंत उतारू होते, वाद्यवृंद होता, रात्रीच्या मेजवान्या होत्या. त्या खेपेला जहाजावर एक शवपेटीही होती. ज्या माणसाने हे जहाज बांधले, तोच त्या पेटीत होता. लॉर्ड विल्यम पिरी. वय सत्त्याहत्तर. दक्षिण अमेरिकेतली बंदरे पाहायला म्हणून तो पत्नीसह निघाला, प्रवासात न्यूमोनियाने गाठले आणि ७ जूनला क्यूबाजवळ, 'एब्रो' नावाच्या बोटीवर, भर समुद्रात त्याचा अंत झाला. सारे आयुष्य जहाजांत काढलेल्या माणसाला मरणही जहाजावरच आले.

'ऑलिंपिक' ही 'टायटॅनिक'ची थोरली बहीण. 'टायटॅनिक' ठाऊक नाही असे घर आपल्याकडेही विरळाच. जे काही बाकी होते ते १९९७ च्या सिनेमाने पुरे केले. पण ते जहाज ज्याच्या जेवणाच्या टेबलावर जन्मले, त्या पिरीचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. हयातीत मात्र त्याच्या नावाचा दबदबा लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत होता. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावची 'हार्लंड अँड वुल्फ' ही जहाजबांधणीची कंपनी त्याने जगात अव्वल दर्जाला नेली. २३ जूनला बेलफास्टच्या सिटी सिमेटरीत त्याचे दफन झाले. त्यानंतर कंपनीच्या इतर संचालकांनी हिशेबाच्या वह्या उघडल्या, आणि त्यांचे डोळे पांढरे झाले.

ते का झाले हे कळायला ७७ वर्षे मागे जावे लागेल.

पिरीचा जन्म १८४७ चा, कॅनडातल्या क्वेबेकचा. वडील नशीब काढायला आयर्लंडहून तिकडे गेले होते. मुलगा अगदी लहान असतानाच ते वारले. आई पोराला आणि त्याच्या बहिणीला घेऊन मायदेशी परतली. बेलफास्टजवळ कॉनलिग नावाचे खेडे आहे, तिथे आजोबांच्या आधाराने ही मुले वाढली. आजोबा जुने जहाजी कप्तान. बेलफास्ट बंदराच्या कारभारात त्यांचे वजन होते. हे बंदर मुळात उथळ, वळणावळणाच्या खाडीतले. मोठी जहाजे आत यावीत म्हणून सरळ खोल खाडी खोदायचे काम त्या काळी झाले. खोदून निघालेला गाळ एका बाजूला टाकत गेले, त्याचे बेट झाले. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या १८४९ च्या भेटीची आठवण म्हणून त्याला राणीचे बेट म्हणू लागले. आजोबांच्या पिढीने उपसलेल्या त्या चिखलावर नातू एक दिवस राज्य करणार होता.

त्या बेटावर एक लहानसा कारखाना होता. एडवर्ड हार्लंड नावाच्या तरुण इंजिनिअरने तो १८५८ मध्ये पाच हजार पौंडांना विकत घेतला. एवढा पैसा त्याच्याजवळ कुठला? तो दिला लिव्हरपूलच्या गुस्ताव श्वाबे या मूळच्या हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने. याच श्वाबेचा भाचा गुस्ताव वुल्फ १८६१ मध्ये हार्लंडचा भागीदार झाला आणि 'हार्लंड अँड वुल्फ' हे नाव तयार झाले. श्वाबेने आणखी एक काम केले. लिव्हरपूलच्या आपल्या घरी बिलियर्ड खेळता खेळता त्याने टॉमस इस्मे या जहाजमालकाला शब्द दिला की नव्या कंपनीला मी भांडवल उभारून देतो, मात्र जहाजे भाच्याच्या कारखान्यातून घ्यायची. हीच ती 'व्हाइट स्टार' कंपनी. पैसा देणाऱ्यानेच गिऱ्हाईकही आणून दिले. कारखान्याच्या पायातच हा दगड बसला होता. पुढे पिरीने या एका दगडावर मजल्यांवर मजले चढवले.

पिरी १८६२ मध्ये पंधराव्या वर्षी उमेदवार म्हणून कारखान्यात लागला. ड्रॉइंग ऑफिस, सुतारकाम, इंजिनचे खाते अशी प्रत्येक पायरी त्याने चढली. पण त्याचा खरा गुण निराळाच होता. त्याला माणूस ओळखता येई. समोरच्याला कसले जहाज हवे आहे हे त्या माणसाच्या आधी पिरीला कळे. सत्ताविसाव्या वर्षी, १८७४ मध्ये, तो भागीदार झाला. जहाजे हार्लंड बांधतो, भाषणे पिरी करतो आणि आपण नुसते चिरूट ओढतो, असे वुल्फ स्वतःची थट्टा करत सांगे. त्यात थट्टेपेक्षा खरेच जास्त होते.

'व्हाइट स्टार'शी कंपनीचा जो व्यवहार ठरला होता तो मोठा विलक्षण. जहाजाची किंमत आधी ठरवायचीच नाही. उत्तमोत्तम सामान वापरून जहाज बांधायचे, जो खर्च येईल तो आणि त्यावर साधारण पाच टक्के कमिशन गिऱ्हाइकाने द्यायचे. आपल्याकडे गावातला जुना सोनार आणि त्याची पिढीजात गिऱ्हाइके यांच्यात असा व्यवहार चाले. भाव विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे. मी बँकेत कर्जाच्या फायली पाहण्यात नोकरीची उमेदीची वर्षे घालवली. लक्षावधी पौंडांची कामे अशा शब्दावर चालताना पाहून मला पहिल्यांदा कौतुक वाटले आणि लगेच धाकधूक. कारण ज्या धंद्यात किंमत फक्त एकाच माणसाला ठाऊक असते, त्या धंद्याचा ताळेबंदही त्या एकाच माणसाच्या मुठीत जातो.

१८९५ मध्ये हार्लंड वारला आणि पिरी अध्यक्ष झाला. वुल्फही पुढे दहाएक वर्षांत निवृत्त झाला. आता विचारणारे कुणी उरले नाही.

ती वीस वर्षे म्हणजे वैभवाचा कळस. १८९६ मध्ये पिरी बेलफास्टचा लॉर्ड मेयर झाला. त्याची पत्नी मार्गारेट मोठ्या धडाडीची बाई. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. गावासाठी मोठे इस्पितळ उभारायचे तिने मनावर घेतले. दोघांनी स्वतःचे पैसे घातले, उरलेले गावाकडून जमवले, आणि १९०३ मध्ये रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल उघडले. ते आजही चालू आहे. १९०२ मध्ये जे. पी. मॉर्गन या अमेरिकन धनाढ्याने अटलांटिकवरच्या जहाज कंपन्या एका छत्राखाली आणायचा घाट घातला, तेव्हा मध्यस्थ पिरीच. 'व्हाइट स्टार' मॉर्गनकडे गेली. बदल्यात या साऱ्या कंपन्यांची जहाजे बेलफास्टलाच बांधायची असे पिरीने पदरात पाडून घेतले. १९०६ मध्ये तो लॉर्ड झाला. लंडनमध्ये बेलग्रेव्ह स्क्वेअरला वाडा झाला. सरे परगण्यात विटली पार्क ही अफाट इस्टेट त्याने घेतली.

या इस्टेटीबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ती आधी व्हिटेकर राइट नावाच्या कंपन्या काढणाऱ्या ठगाची होती. तळ्याच्या पाण्याखाली काचेच्या घुमटाची खोली त्यानेच बांधून घेतलेली. खोटे ताळेबंद दाखवून लोकांना बुडवल्याबद्दल १९०४ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि कोर्टाच्या आवारातच सायनाइड खाऊन त्याने जीव दिला. पिरी त्याच्यासारखा ठग मुळीच नव्हता. पण कादंबरीत मी हे घर असे वापरले असते तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून काट मारली असती.

१९०७ सालच्या एका रात्री बेलग्रेव्ह स्क्वेअरच्या वाड्यात पिरी आणि थोरल्या इस्मेचा मुलगा ब्रूस जेवायला बसले आणि जगात कुणी पाहिली नसतील अशी तीन जहाजे बांधायचे ठरले. बेलफास्टला त्यांच्यासाठी पोलादाचा प्रचंड मांडव उभारला गेला. सुमारे पंधरा हजार माणसे राणीच्या बेटावर राबत होती. पिरीचा मेहुणा अलेक्झांडर कार्लाइल मुख्य आराखडे करणारा. तो १९१० मध्ये निवृत्त झाल्यावर काम आले पिरीच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाकडे, टॉमस अँड्रूजकडे. मामाचा हा लाडका भाचा. निपुत्रिक पिरीनंतर कारखाना त्याच्याकडेच जाईल असे सगळे धरून चालले होते.

कार्लाइलने जास्त जीवरक्षक होड्या बसवता येतील अशी सोय आराखड्यात सुचवली होती. शेवटी 'टायटॅनिक'वर वीसच होड्या आल्या. कायद्याला सोळा पुरत होत्या, त्यामुळे कुणाला वावगे वाटले नाही. पहिल्या सफरीला खुद्द पिरी जायचा होता, पण फेब्रुवारी १९१२ मध्ये त्याच्यावर प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली आणि तो घरी राहिला. भाचा गेला. कारखान्याची आणखी आठ माणसे बरोबर गेली. त्या नऊ जणांतला एकही परत आला नाही. एकूण पंधराशेच्या आसपास माणसे बुडाली. पुढे ब्रिटनमध्ये चौकशी बसली, तीत कार्लाइलची साक्ष झाली. पिरीची झाली नाही. आपल्या वारसाला घेऊन आपलेच जहाज बुडाले, त्या रात्रीबद्दल त्याच्या मनात काय होते, हे त्याने कुणाजवळ उघड केलेले दिसत नाही. तो पुन्हा कामाला लागला.

त्याच फेब्रुवारीत, शस्त्रक्रियेच्या थोडे आधी, त्याच्या गावाने त्याला दुसरा घाव घातला होता. आयर्लंडला स्वराज्य द्यावे की नाही यावरून बेलफास्ट पेटले होते. प्रॉटेस्टंट बहुसंख्य असलेल्या त्या शहराला, आणि पिरीच्याच कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना, स्वराज्य नको होते. पिरी पूर्वी त्यांच्याच बाजूचा. पुढे तो लिबरल पक्षात गेला आणि स्वराज्याच्या बाजूने उभा राहिला. विन्स्टन चर्चिल ८ फेब्रुवारीला बेलफास्टला बोलायला आला, तेव्हा सभेचा अध्यक्ष पिरी होता. नंतर लार्न बंदरात बोटीवर चढताना जमावाने त्याच्यावर नासकी अंडी फेकली. ज्याच्या पगारावर निम्मे गाव जेवत होते त्याची ही गत. जुलै १९१२ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये कारखान्यातल्या कॅथलिक कामगारांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्या प्रॉटेस्टंटांनाही सोबतीच्या कामगारांनीच मारहाण करून हाकलले. हजारो माणसांची रोजी बुडाली. बंदराच्या गाळाला आकार देणाऱ्या घराण्यातल्या या राजाला आपल्या बेटावरचा हा दंगा आवरता आला नाही.

आता पैशाकडे येऊ. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट इथून सुरू होते.

मॉर्गनचा घाट काही फार फळला नाही आणि तिकडून येणारी कामे आटू लागली. तेव्हा पिरीने निराळा रस्ता काढला. ओवेन फिलिप्स नावाचा साडेसहा फुटी उंच, भारदस्त जहाजमालक होता. हाच पुढे लॉर्ड किलसँट झाला. 'रॉयल मेल' कंपनी त्याच्या ताब्यात होती. दोघांनी मिळून १९१० मध्ये 'एल्डर डेम्प्स्टर' ही आफ्रिकेकडे जाणारी जहाज कंपनी घेतली. नंतर 'युनियन कॅसल'ही त्याच गटात गेली. पिरी या कंपन्यांत भाग घेई, संचालक होई, आणि त्या कंपन्या जहाजांची ऑर्डर हार्लंड अँड वुल्फला देत. आता बघा, दुकानदाराने आपलेच पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात घालावे आणि त्याने त्याच दुकानात खरेदी करावी, तसे हे झाले. गल्ला भरलेला दिसतो, उलाढाल फुगते, दुकानापुढे गर्दी दिसते. नवा पैसा किती आला हे मात्र विचारायचे नाही.

पिरीला दूरचे दिसत होते हे नाकारता येणार नाही. जहाजे पुढे वाफेऐवजी डिझेलवर चालणार हे त्याने पहिल्या महायुद्धाआधीच ओळखले आणि १९१२ मध्ये ग्लासगोला तशी इंजिने बनवायची सोय केली. स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवरचे कारखाने एकामागून एक घेतले. पोलाद कमी पडू नये म्हणून युद्धानंतर कोल्व्हिल ही पोलादाची कंपनीच विकत घेतली. १९१८ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची जहाजे बुडवून देशाच्या तोंडचे पाणी पळवले होते, तेव्हा सरकारने व्यापारी जहाजबांधणीचा सारा कारभार सत्तरी ओलांडलेल्या याच म्हाताऱ्यावर सोपवला. ते काम त्याने उत्तम केले.

युद्ध संपले. बुडालेल्या जहाजांच्या जागी नवी लागणार, धंद्याला बरकत येणार, असा साऱ्यांचा होरा होता. पिरीने कर्ज काढून कारखाने वाढवले. आणि १९२० च्या अखेरीस जहाजभाडी कोसळली. जगात जहाजे जास्त झाली, माल कमी पडला. अशा वेळी एखादा सावध माणूस हात आखडता घेतो. पिरीने आणखी जहाजे बांधायला घेतली. किलसँटच्या कंपन्यांनी ती मागवली. रोख पैसा त्यांच्याकडेही नव्हता, म्हणून त्या हुंड्या देत. हुंडी बँकेत वटवायची, मुदत भरली की नवी हुंडी लिहून जुनी फेडायची. बँकेत काम केलेल्या कुणालाही हा प्रकार सांगावा लागत नाही. माल विकून येणाऱ्या पैशावर लिहिलेली हुंडी वेगळी आणि हुंडी फेडायला लिहिलेली हुंडी वेगळी. कागद दोन्हींचा सारखाच दिसतो.

मग बँकांनी हे चालू कसे दिले? मला यात फारसे नवल वाटत नाही. आमच्या नोकरीत एका मोठ्या कारखानदाराची फाइल आली की शाखेतला शिपाईसुद्धा हळू बोले. अशा माणसाला मालाच्या साठ्याचा तक्ता मागायचा म्हणजे साहेबांना घाम फुटे. इथे तर समोर साक्षात लॉर्ड पिरी, सरकारचा विश्वासू, १९२१ पासून व्हायकाउंट. त्याला कोण विचारणार? त्याच्याच संचालकांना विचारायची सोय नव्हती. कोणते जहाज कोणत्या भावाने घेतले, कुठल्या कंपनीत किती भाग आहेत, कुणाला काय शब्द दिला आहे, हे तो सहकाऱ्यांना कळू देत नसे. बोलणी एकट्याने करायची, आकडे एकट्याने जपायचे. तरुणपणी त्याची हीच ताकद होती. गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर येई. सत्तरीनंतरही त्याने किल्ल्या कंबरेला ठेवल्या आणि धाकट्यांना फक्त कामे सांगितली. एकत्र कुटुंबातली अशी म्हातारी माणसे आपण पाहिलेली आहेत. ती असेपर्यंत घर चालते, आणि ती गेल्यावर कपाटातून कर्जाचे कागद निघतात.

तसेच झाले. 'ऑलिंपिक'वरून देह आला, बेलफास्टच्या रस्त्यांतून अंत्ययात्रा निघाली, एके काळी अंडी फेकणाऱ्या गावाने टोप्या काढल्या. आणि मग दिसले की कंपनीकडे रोख पैसा नाही, घेतलेली कामे आतबट्ट्याची आहेत, आणि कर्जाचा डोंगर आहे. खुद्द पिरीची मालमत्ताही देण्याच्या मानाने अपुरी होती. इस्पितळासाठी झटलेल्या मार्गारेटच्या चरितार्थाची सोय नवऱ्याच्या धंद्यातल्या स्नेह्यांना करावी लागली. कंपनीने तिला सन्माननीय अध्यक्षपद दिले. १९३५ मध्ये ती वारली.

कंपनीची सूत्रे किलसँटकडे गेली, म्हणजे एका बुडत्याने दुसऱ्याचा हात धरला. त्याने १९२७ मध्ये 'व्हाइट स्टार'ही विकत घेतली, तीही उसन्या पैशावर. १९२८ मध्ये बेलफास्टला एक हजार फुटांच्या 'ओशियानिक' या जहाजाचा कणा मांडला गेला. वर्षभरात काम थांबले आणि ते जहाज कधीच झाले नाही. १९३१ च्या जुलैत किलसँट लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात आरोपी म्हणून उभा होता. 'रॉयल मेल'ला कित्येक वर्षे प्रत्यक्षात तोटा होत असताना युद्धकाळात साठवलेल्या गुप्त गंगाजळीतून पैसे काढून नफा दाखवला जात होता, आणि त्या नफ्याच्या भरवशावर १९२८ मध्ये लोकांकडून वीस लाख पौंडांचे कर्जरोखे मागितले होते. या माहितीपत्रकाबद्दल त्याला बारा महिन्यांची कैद झाली. हिशेबतपासनीस सुटला. कॉमर्सच्या मुलांना ऑडिटिंगच्या पुस्तकात हा खटला अजून भेटतो. मीही तो घोकला होता, पण त्याच्या एका टोकाला 'टायटॅनिक'चा बांधणारा आहे हे त्या पुस्तकात कुठे नव्हते.

१९३२ आणि १९३३ या दोन वर्षांत राणीच्या बेटावरून एकही जहाज पाण्यात गेले नाही. मग हिटलर आला आणि युद्धाच्या मागणीने कारखान्याला पुन्हा प्राण दिला; १९४१ मध्ये जर्मन विमानांनी त्याला भाजूनही काढले. त्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. एक काम मात्र आपल्या ओळखीचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेली 'हर्क्युलिस' ही विमानवाहू नौका भारताने विकत घेतली, तिचे काम हार्लंड अँड वुल्फने पुरे केले, आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टलाच विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती आपल्या नौदलात दाखल झाली. तीच आपली पहिली 'विक्रांत'. निवृत्तीनंतर मुंबईत ती संग्रहालय होऊन उभी होती, तेव्हा अनेकांनी मुलाबाळांना घेऊन ती पाहिली असेल. २०१४ मध्ये दारूखान्यात ती मोडीत निघाली.

जपानी आणि कोरियन कारखान्यांपुढे बेलफास्टचा टिकाव लागेना. १९७० च्या दशकात कंपनी सरकारने घेतली, १९८९ मध्ये पुन्हा खाजगी झाली. 'अँव्हिल पॉइंट' हे शेवटचे जहाज २००३ मध्ये बाहेर पडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. कामगारांनी फाटकाशी नऊ आठवडे ठिय्या दिला, मग एका कंपनीने साठ लाख पौंडांना ती घेतली. २०२४ मध्ये पुन्हा तीच पाळी आली आणि २०२५ च्या जानेवारीत 'नव्हान्तिया' या स्पेनच्या सरकारी कंपनीने ती विकत घेतली.

'सॅमसन' आणि 'गोलायथ' या दोन पिवळ्या क्रेन बेलफास्टमध्ये कुठूनही दिसतात. त्यांच्यावर एच आणि डब्ल्यू ही दोन अक्षरे आहेत. पिरीचे अक्षर तिथे कधीच नव्हते. बेटावर २०१२ मध्ये 'टायटॅनिक'चे संग्रहालय उघडले. शेजारीच कंपनीच्या जुन्या कचेरीचे २०१७ मध्ये हॉटेल झाले. ज्या ड्रॉइंग ऑफिसात पिरीचा भाचा आराखड्यांवर वाकून उभा राही, त्याच्या उंच, उजेडाच्या छताखाली आता प्रवासी चहा घेत बसतात.